आधी गिऱ्हाईक, मग पिल्लं: चरून वाढलेल्या कोंबड्यांची अंडी आणि मांस थेट घरोघरी कसं विकायचं

पिल्लं आणायच्या आधी एक वही आणा. सगळे आधी शेड बांधतात, मग पिल्लं आणतात, मग अंडी यायला लागली की गिऱ्हाईक शोधायला निघतात. आम्ही पण तेच केलं. 50 तलंगा, म्हणजे अजून अंडी न दिलेल्या तरुण कोंबड्या, जवळजवळ एकदमच अंड्यावर आल्या, रोज चाळीसेक अंडी, स्वयंपाकघरात टोपल्या, जिन्यात ट्रे, ओळखीच्यांना फोन करकरून अंडी घ्या म्हणून सांगायचं. कशीबशी गिऱ्हाईकं जमली, त्यांना सवय लागली, आणि दुसऱ्या वर्षी सगळ्या कोंबड्यांनी एकदम पिसं गाळायला सुरुवात केली तर अंडी जवळपास बंद. दोन महिने आम्ही लोकांना नाही नाही म्हणत होतो. त्यातले निम्मे परत आलेच नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, कोंबडीचं आणि गिऱ्हाईकाचं वेळापत्रक वेगळं असतं आणि थेट विक्री म्हणजे ती दोन वेळापत्रकं जुळवायचं काम आहे. चारा, खाद्य, जाळी हे सगळं शिकता येतं, पण हे जुळवणं जमलं नाही तर चांगला माल असूनही धंदा बसतो.

आधी कोंबडीचं वेळापत्रक समजून घ्या. पिल्लू आणल्यापासून पहिलं अंडं यायला साधारण 18 ते 22 आठवडे जातात, म्हणजे पाच महिने तुम्ही नुसतं खाऊ घालताय. मग काही आठवड्यात ती भरात येते, वर्षभर बरी चालते, आणि दीड वर्षाची झाली की पिसं गाळते, तेव्हा अंडी थांबतात कारण सगळं प्रोटीन नव्या पिसांकडे जातं. दिवस लहान झाला तरी अंडी कमी होतात, कोंबडीला भरपूर अंडी द्यायला 14 ते 16 तास उजेड लागतो. काहीजण शेडमध्ये पहाटे बल्ब लावतात, काहीजण तिला विश्रांती देतात, दोन्ही चालतं, पण काय करणार ते आधी ठरवा आणि गिऱ्हाईकाला पण सांगा. शिवाय अंडं तयार व्हायला 24 तासांपेक्षा थोडा जास्तच वेळ लागतो त्यामुळे रोज एका कोंबडीमागे एक अंडं हा हिशोब कधीच धरू नका. मोकळ्यावर वर्षाची सरासरी 60-65 टक्के धरली तर फसायला होत नाही.

आता वहीत मांडा. 50 कोंबड्या, 65 टक्के, म्हणजे रोज 32-33 अंडी, आठवड्याला सव्वादोनशे. त्यातला दहावा भाग बाजूला काढा, फुटलेली, मळलेली, घरात खाल्लेली. उरली दोनशे. एका घराला आठवड्याला दहा-बारा अंडी लागतात असं धरलं तर हे सतरा-अठरा घरांचं काम झालं. तीस घरांचं नाही. सतरा घरांना कबूल करा आणि बाकीच्यांची नावं वेटिंग लिस्टवर लिहा, नाव लिहून घेतलं की माणूस थांबतो. आणि सगळ्या कोंबड्या एकदम आणू नका, निम्म्या आत्ता, निम्म्या सहा महिन्यांनी, म्हणजे एक तुकडी पिसं गाळत असेल तेव्हा दुसरी भरात असते. आम्हाला हे दुसऱ्या वर्षानंतर सुचलं, तुम्ही पहिल्याच वर्षी करा.

खाद्याचा हिशोब पण त्याच पानावर. लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली, कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाते, म्हणजे 50 कोंबड्यांना रोज 6 किलो, महिन्याला 180 किलो. अंडी 65 टक्के धरली तर एका अंड्यामागे 180-185 ग्रॅम खाद्य गेलं, शिवाय पहिले पाच महिने तिने फुकट खाल्लेलं सात-आठ किलो पुढच्या अंड्यांवर वाटून घ्या, म्हणजे एका अंड्यामागचं खाद्य साधारण 200 ग्रॅमच्या वर जातं. खाद्याचा आजचा भाव याला लावा, मग ट्रे, पेट्रोल, मेलेल्या कोंबड्या, जाळी आणि तुमचे स्वतःचे तास. तुमचे तास नक्की लिहा. घरचेच राबतात म्हणून मजुरी शून्य धरणारी घरं दोन-तीन वर्षात थकून बंद होतात, मी जवळून बघितलंय. आलेला आकडा दुकानातल्या अंड्याच्या भावापेक्षा बराच जास्त असेल आणि तो तसाच सांगा. दुकानाशी भावात स्पर्धा करायला गेलात तर हरणार, कारण दुकानाला अंडी देणाऱ्यांकडे हजारो पक्षी एका छपराखाली आहेत.

एक गैरसमज इथेच काढते. कोंबडी चरते म्हणून खाद्य वाचेल असं लोकांना वाटतं. कोंबडी गाय नाही, ती नुसत्या गवतावर जगत नाही. गवत, किडे, पडलेलं बी यातून तिच्या गरजेचा थोडाच भाग भागतो, बाकी दाणा द्यावाच लागतो. चरायचा फायदा वेगळा आहे, ती उकरते, ऊन घेते, मातीत लोळते, तिच्या अंगावर उवा कमी राहतात, एकमेकींची पिसं ओढत नाही, आणि अंड्याचा बलक गडद होतो. बलकाचा रंग गवतातल्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे येतो, हे पण गिऱ्हाईकाला खरं सांगा, कारण तोच रंग झेंडूची पाकळी किंवा मका घालूनही आणता येतो. नुसता बलक दाखवून विकू नका, कुरण दाखवून विका.

कुरण दाखवायचं तर ते कुरण राहिलं पाहिजे ना. एकाच जागी पंधरा दिवस कोंबड्या ठेवल्या की तिथे गवत संपतं, माती कडक होते, आणि विष्ठेत नायट्रोजन इतका असतो की उरलेलं गवत जळतं. म्हणून फिरती जाळी किंवा चाकाचं खुराडं. मांसाच्या पक्ष्यांना बिनतळाच्या पिंजऱ्यात ठेवत असाल तर तो रोज पुढे सरकवा, लेअरना जाळीने वेढलेल्या मोठ्या तुकड्यात ठेवत असाल तर काही दिवसांनी तुकडा बदला आणि सोडलेल्या तुकड्याला गवत पुरतं उगवेपर्यंत परत हात लावू नका. गवत फार उंच पण नको, कोंबडीला वीतभर गवतात चालायला आवडतं, गुडघाभर गवतात ती शिरत नाही.

शेळ्या-मेंढ्या असतील तर फिरवणं अजून महत्त्वाचं. जंताच्या अळ्या विष्ठेतून बाहेर पडून ओल्या उबदार हवेत आठवड्याच्या आत गवतावर चढायला तयार होतात, आणि त्या खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्येच जास्त असतात. म्हणून चार-पाच दिवसांत तुकडा बदला आणि गवत बुडख्यापर्यंत खाऊ देऊ नका. मागून कोंबड्या सोडल्या तर त्या शेण-लेंड्या उकरून माशांच्या अळ्या खातात, जमिनीवर खत पसरतं. हे बघायला गिऱ्हाईकाला बोलवा, लहान मुलं तर हलत नाहीत तिथून.

शत्रू दोन प्रकारचे, वरून येणारे आणि खणून येणारे. रात्री खुराडं बंद म्हणजे बंद, एक रात्र विसरलात की सकाळी पिसं गोळा करायची. कोंबडीची जाळी कोंबडीला आत ठेवते पण दात असलेल्या प्राण्याला बाहेर ठेवत नाही, खुराड्याला अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळी लावा आणि ती जमिनीत थोडी गाडा. पाण्याची भांडी आणि खाद्य रानपक्ष्यांना मिळणार नाही असं ठेवा, बर्ड फ्लू रानपक्ष्यांच्या विष्ठेतून येतो. आजूबाजूला साथ असेल तर काही आठवडे कोंबड्या आत ठेवाव्या लागतील, तेव्हा त्या चरत नाहीयेत हे गिऱ्हाईकाला स्वतःहून कळवा.

आता शब्द. लोक विचारतात फ्री रेंज आहे का, केज फ्री आहे का, आणि आपण घाईत हो म्हणून टाकतो. केज फ्री म्हणजे फक्त पिंजरा नाही, पण पूर्ण आयुष्य शेडमध्ये असू शकतं. फ्री रेंज म्हणजे बाहेर जायला दार आहे, बाहेर गवत असेलच असं नाही. चरून वाढलेली म्हणजे ती खरोखर हिरव्या जमिनीवर असते आणि ती जमीन बदलत राहते. ऑरगॅनिक हा तर सर्टिफिकेटचा शब्द आहे, सर्टिफिकेट नसेल तर वापरू नका. माझ्या मते तर शब्द वापरूच नका, जे करता तेच वाक्यात सांगा, आमच्या कोंबड्या दिवसभर बाहेर असतात, दर चार दिवसांनी जागा बदलतो, दाणा अमुक देतो, आजारी पडली तर औषध देतो आणि औषधाच्या लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत तिची अंडी विकत नाही. हे शेवटचं वाक्य बोलायला लोक घाबरतात, पण त्याने विश्वास वाढतो. कुठल्या कोंबडीला काय दिलं आणि कधी, ते तारखेसकट लिहून ठेवा.

अंड्यांवर जास्त लिहिते कारण गिऱ्हाईक आधी अंड्यांनी जोडलं जातं. अंडी दिवसातून दोनदा तरी गोळा करा, उन्हाळ्यात तीनदा. अंडं बाहेर येतं तेव्हा त्यावर एक पातळ आवरण असतं, कवचात हजारो बारीक छिद्रं असतात ती त्याने झाकलेली असतात. धुतलं की ते आवरण जातं. म्हणूनच अमेरिकेत अंडी धुवून लगेच फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत आहे आणि युरोपात विक्रीची अंडी न धुता ठेवतात. दोन्हीपैकी एक रस्ता धरा, मधला रस्ता वाईट. सगळ्यात चूक म्हणजे गार पाण्यात धुणं, आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. धुवायचंच असेल तर अंड्यापेक्षा चांगलं कोमट पाणी, भिजत ठेवायचं नाही, लगेच कोरडं करून थंड जागी. आम्ही धुत नाही, कोरड्या कापडाने पुसतो आणि जास्त मळलेली घरी वापरतो. खरं काम खुराड्यातल्या घरट्यात आहे, तिथलं भुसकट दर दोन दिवसांनी बदललं तर पुसायला फारसं काही उरत नाही.

रात्री जेवणं झाली की आमच्याकडे दिवा बंद करून अंडी बघतात. मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला टेकवायचा, अंडं आतून नारिंगी उजळतं, वरच्या बाजूला हवेची पोकळी दिसते, ताज्यात ती तीन-चार मिलिमीटर, जुन्यात मोठी. केसाएवढी चीर असेल तर पांढऱ्या दोऱ्यासारखी चमकते, दिवसा उजेडात ती डोळ्याला दिसतच नाही. सासूबाई टॉर्च घेत नाहीत, त्या दोन अंडी हातात घेऊन हलकेच एकमेकांवर टिचकवतात, अखंड असतील तर टणक आवाज, चीर असेल तर बोदा. दोनशे अंडी त्या माझ्याआधी संपवतात. मग टोकदार बाजू खाली करून ट्रेमध्ये, आणि ट्रेवर गोळा केल्याची तारीख. तारीख घातली नाही तर ताजं हा शब्द तुमच्या तोंडी शोभत नाही.

गिऱ्हाईकाचे दोन फोन येणारच. एक, बलकावर रक्ताचा ठिपका आहे. तो अंडं तयार होताना बारीक रक्तवाहिनी फुटल्याचा असतो, पिल्लू नसतं, काढून टाकून खाता येतं, आणि तरी नको असेल तर अंडं बदलून द्या, वाद घालू नका. दुसरा, उकडलेलं अंडं सोलत नाही. ते फार ताजं असल्यामुळे होतं, आठवडाभर ठेवलेलं अंडं सहज सोलतं. पहिल्याच ट्रेबरोबर या दोन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून दिल्या तर निम्मे फोन येत नाहीत.

मांसाचं गणित वेगळं, तिथे पैसे आधी घ्यायचे. चरणारा मांसाचा पक्षी लवकर वाढणाऱ्या जातीचा असेल तर सात-आठ आठवड्यात तयार होतो, हळू वाढणाऱ्या जातीचा बारा आठवडे घेतो. पहिले तीनेक आठवडे पिसं येईपर्यंत तो आत ब्रूडरमध्येच, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देणाऱ्या बंदिस्त जागेत, पहिल्या आठवड्यात 35 अंश आणि मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पांगून तोंडं उघडी टाकली तर उकडतंय, थर्मामीटरपेक्षा त्यांच्याकडे बघा. दहा टक्के दगावतील असं धरूनच ऑर्डर घ्या. शंभर पिल्लं आणली तर नव्वदच नावं वहीत.

ऑर्डर घेताना अ‍ॅडव्हान्स घ्या, निम्मा नाही तर तिसरा हिस्सा. माणसं वाईट नसतात, पण कापायच्या दिवशी कुणी गावाला गेलेलं असतं, कुणाकडे पाहुणे येणार होते ते आले नाहीत, आणि कापलेला पक्षी वाट बघत नाही. वजनाचं आधीच समजावून सांगा. जिवंत 2 किलोचा पक्षी साफ करून 1 किलो 400 ग्रॅमच्या आसपास भरतो. शेळी-मेंढीचं तर निम्म्याच्या आत येतं, 30 किलोचा बोकड साफ केल्यावर 14-15 किलो, हाडासकट. हे आधी सांगितलं नाही तर गिऱ्हाईकाला वाटतं आपलं मटण कुठे गेलं. आम्ही भाव नेहमी साफ केलेल्या वजनावर लावतो, भांडणं संपली.

कुठे कापायचं, घरी कापून विकता येतं का की परवाना असलेल्या कत्तलखान्यातच न्यावं लागतं, किती पक्ष्यांपर्यंत सूट आहे, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. पिल्लं आणायच्या आधी परवाना देणाऱ्या ऑफिसात जाऊन विचारा आणि शक्य असेल तर लेखी उत्तर घ्या. आणि कत्तलखान्याची तारीख पिल्लं आणायच्या दिवशीच बुक करा, लहान लॉट घेणाऱ्या जागा कमी असतात आणि तारीख पुढे गेली की पक्षी रोज खातच राहतो.

कापायच्या आधी 8 ते 12 तास खाद्य बंद, पाणी चालू. पोट रिकामं असेल तर साफ करताना आतडी फुटून मांस खराब व्हायचा धोका कमी होतो. पक्षी संध्याकाळी अंधारात पकडा, शांत असतात, दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून धरून उचला, पायाला धरून लोंबकळवू नका. त्यांनी आयुष्यभर गवतावर मोकळं राहावं म्हणून आपण एवढं केलं तर शेवटचा अर्धा तासही नीट गेला पाहिजे, मला यात काही तडजोड पटत नाही. साफ झाल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात, आणि मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून बघायचं, 4 अंशाच्या खाली आलं की मगच बाहेर. त्यानंतर फ्रिजमध्ये एक दिवस राहू द्या. कापल्याकापल्या स्नायू आखडतात, त्याच अवस्थेत फ्रीझरमध्ये टाकलं किंवा शिजवलं तर चिवट लागतं आणि गिऱ्हाईकाला वाटतं मोकळी कोंबडी चिवटच असते. एक दिवस थांबा, मग उणे 18 अंशाला. पिशवीतली हवा पूर्ण काढा, हवा राहिली की मांसावर पांढरे कोरडे डाग पडतात.

सुट्या तुकड्यांचा मोह टाळा. लोक मांडी मागतात, बिनहाडाचं मागतात, आणि तुमच्याकडे माना, पाठी, पंजे, काळीज याने फ्रीझर भरतो. पहिली दोन वर्षं अख्खा पक्षीच विका, मोठ्या जनावराचे वाटे करा ज्यात सगळ्यात सगळं थोडं थोडं येईल. सुटं विकायचंच असेल तर आधी उरलेल्या तुकड्यांना गिऱ्हाईक शोधा, सूप करणारे, कुत्री पाळणारे, मगच मांडी सुटी करा, आणि मांडीचा भाव असा लावा की उरलेलं नाही खपलं तरी तोटा होणार नाही.

डिलिव्हरीचा आठवड्यातून एकच वार ठेवा. जो येईल त्याला जेव्हा पाहिजे तेव्हा दिलं तर घर दिवसभर दुकान होतं आणि कोंबड्यांकडे बघायला कुणी उरत नाही. एक वार, दोन-तीन ठिकाणं, ठरलेली वेळ, आयसबॉक्समध्ये मांस वेगळं आणि अंडी वेगळी. ग्रुपवर आदल्या दिवशी मेसेज, या आठवड्यात इतकीच अंडी आहेत. उधारी अजिबात नको, महिन्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला, यात कुणी दुखावत नाही, उलट लोकांना सोपं पडतं.

आणि म्हाताऱ्या कोंबड्या. दुसऱ्या वर्षी अंडी साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात, अंडं मोठं येतं पण कवच पातळ व्हायला लागतं, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवला तरी. तिसऱ्या वर्षी ती खाद्याचे पैसे काढत नाही. काय करणार ते गिऱ्हाईकाला पहिल्या वर्षीच सांगून ठेवा, लोकांना आपल्या कोंबड्या माहीत असतात, मुलांनी नावं ठेवलेली असतात. आम्ही त्या वेगळ्या भावाने, वेगळं लिहून विकतो, तरुण पक्ष्यात मिसळत नाही. पिशवीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी असते, दोन वर्षांची कोंबडी, मंद आचेवर झाकण ठेवून दोन-अडीच तास, घाई करू नका, रस्सा फेकून देऊ नका. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी फोन करून पण सांगते, आणि बहुतेक जण पुढच्या तुकडीला तीच मागतात.